पेला वाजेपर्यंत

आधीच सांगते, सुनेचे गोडवे गात फिरणाऱ्यांतली मी नाही. ती घरात आली तेव्हा महिनाभर मी तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते, आणि काम तर मी तिला सांगतच नव्हते, म्हणजे बघा. पण आता बाजारात रोज कुणी ना कुणी थांबवतं, "तुम्ही तिच्या सासूबाई ना?" म्हणतं, आणि मला पिशवी खाली ठेवून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून म्हटलं, एकदाच नीट सांगून मोकळं व्हावं. ऐकणार असाल तर शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यावर उठायचं असेल तर आत्ताच उठा, कारण या सगळ्या प्रकरणात घोळ घातला तो अर्ध्यावर उठणाऱ्यांनीच.

माझी सून बस स्थानकावर निवेदक आहे. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" म्हणणारी बाई असते ना, ती ही. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, दीड माणूस मावेल एवढी. एक खुर्ची, मान वाकवलेला माईक, भिंतीवर वेळापत्रक. पंखा आहे, पण बोलताना बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर सगळ्या फलाटांवर ऐकू जाते. भर उन्हाळ्यात ही बाई घामाने निथळत "वातानुकूलित गाडी" जाहीर करत असते. सात वर्षं झाली. या शहरातल्या झाडून सगळ्यांनी तिचं ऐकलंय, घरात मात्र कुणी ऐकत नाही, असं ती स्वतःच हसत सांगते.

तिच्या कामाची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. सुरुवातीला टिंग-टाँग. मग गाडी कुठली, कुठून कुठे, उशीर किती. आणि फलाट सगळ्यात शेवटी. तिच्या आधीचे गृहस्थ फलाट पहिल्यांदा सांगायचे. लोक तो आकडा ऐकला की सामान उचलून पळत सुटायचे. "आज ही गाडी रद्द आहे" हे पुढचं कोण ऐकतंय! मग रिकाम्या फलाटावर नुसती भांडणं. हिने आल्या आल्या क्रम उलटा केला. फलाट हवाय ना? मग थांबा शेवटपर्यंत.

आणि शेवट झाला हे कळायला पेला. यंत्रात शेवटची घंटा होती, ती तिच्या पहिल्याच वर्षी बिघडली. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणाला, तो अजून येतोच आहे. एक दिवस ही माझ्या स्वयंपाकघरातून जाड बुडाचा स्टीलचा पेला आणि चमचा उचलून घेऊन गेली. मला न विचारता! माझ्या आईने दिलेली पेल्यांची जोडी, त्यातला एक. मी आठवडाभर धुसफुसत होते. माईकपुढे पेल्यावर चमचा मारला की टण्ण! सगळ्या स्थानकाला त्याची इतकी सवय झाली की अर्धवट उठलेला माणूससुद्धा टण्ण झाल्याशिवाय पुरता उठत नाही. पिशवी हातात, मान वर, तोंड उघडं, तसाच उभा.

मुलगा माझा ड्रायव्हर. खाडीला वळसा घालून पलीकडे जाणारी लांबची गाडी त्याच्याकडे. रोज उशीर. आणि रोज ही सगळ्या शहराला सांगायची की याची गाडी उशिरा आहे. एकदा तो तणतणत वर गेला. म्हणाला, "बाई, उशीर सांगता तर कारणही सांगा की! रस्ता खराब आहे त्याला मी काय करू?" ही म्हणाली, "कारण सांगायचा नियम नाही. तुम्ही लवकर या." भांडायला गेला होता, लग्न ठरवूनच खाली उतरला. मी काही खूश नव्हते. पण आवाज गोड होता, हे तेव्हाही मान्य केलं होतं, हवं तर आमच्या ह्यांना विचारा.

आता पुढचं. आमच्या शहरातून पलीकडे जायचं तर एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर. काही लोक म्हणतात खाडीवर पूल बांधा, काही म्हणतात डोंगरातून बोगदा काढा. इथवर ठीक होतं. पण त्याचे दोन पक्ष झाले, मग दोन झेंडे झाले, मग दोन वर्तमानपत्रं, आणि शेवटी दोन न्हावी. पुलवाले बोगदेवाल्या न्हाव्याकडे जाईनात. मी पुलवाली. उघड सांगते. माझं माहेर पलीकडे आहे, आणि खाडीच्या या काठावरून आमच्या घराचं छप्पर दिसतं. दिसतं, पण पोचायला अर्धा दिवस लागतो. आमचे हे बोगदेवाले. का, तर "दगडावर भरवसा ठेवावा, पाण्यावर नाही." मी म्हणायची, "डोंगर पोखरून उंदीर काढणार तुम्ही!" ते म्हणायचे, "तुझ्या पुलाचं नुसतं चित्र बघून दहा वर्षं झाली." मग टीव्हीचा रिमोट लपवायची पाळी. ते त्यांची वाहिनी लावायचे, मी माझी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, ते आमच्या घरी रोज जेवणाच्या वेळी चालायचं. ना पुलाचा खांब उभा, ना बोगद्याला भोक.

सून या भांडणात कुणाचीच नव्हती. ती वाढायची आणि ऐकायची. आणि त्यातूनच तिने तो उद्योग सुरू केला. फोनवर स्वतःची एक जागा उघडली, नाव ठेवलं 'फलाट क्रमांक शून्य'. चेहरा दाखवायचा नाही. चित्रात फक्त एक जुना कर्णा आणि तिचा तो सरकारी आवाज. माझ्याच स्वयंपाकघरात दार लावून ती हे करायची, आणि शेवटच्या टण्णसाठी जोडीतला दुसरा पेला वापरायची, म्हणजे माझे दोन्ही पेले कामाला लागले. पहिली निवेदनं ऐकून मी भाजी चिरता चिरता हसले होते. "एक लोकप्रतिनिधी निवडणुकीनंतर हरवले आहेत. अंगात पांढरा शर्ट, चेहऱ्यावर हसू. कोणाला सापडल्यास कृपया आणून देऊ नये." टण्ण! दुसरं टीव्हीवरच्या चर्चेवर. "चर्चेला जाणारी गाडी रिकामीच सुटत आहे, कारण सर्व प्रवासी एकाच वेळी एकाच दारातून चढत आहेत." टण्ण!

हे दुसरं एका माणसाला झोंबलं. वाहिनीवर रोज संध्याकाळी चर्चा घेणारा, भर उन्हातही काळा कोट घालणारा. सगळे त्याला कोटवालाच म्हणतात. त्याची एक खोड आहे. समोरच्याने तोंड उघडलं की हा ओरडतो, "हो की नाही, एका शब्दात सांगा!" माणूस दुसरा शब्द बोलला की याने त्याचा आवाज बंद केलाच. सुनेच्या निवेदनात त्याचं नाव नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं.

मग तिने ते पुलाचं आणि बोगद्याचं निवेदन केलं. मी शेजारी उभी होते, कानांनी ऐकलंय. टिंग-टाँग. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पुलावरून जाणारी गाडी पूल झाल्यावर सुटेल. पूल कधी होईल याची चौकशी चौकशी खिडकीत करू नये. बोगद्यातून जाणारी गाडी बोगदा झाल्यावर सुटेल. बोगदा कुठवर आला हे पाहण्यासाठी डोंगराला कान लावू नयेत." आणि मग शेवटी फलाट, आणि टण्ण. फलाटाचं वाक्य मी आत्ता सांगणार नाही. तिचाच नियम आहे, शेवटी सांगेन.

मी पुलवाली असूनही हसले, आमचे हे बोगदेवाले असूनही हसले. एकाच वेळी हसलो म्हणून दोघांनाही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कोटवाल्याने काय केलं? "चौकशी खिडकीत करू नये" इथे कात्री लावली. पुलाचा भाग ठेवला, पुढचं सगळं उडवलं. आणि खाली लाल अक्षरांत, 'बस स्थानकाच्या कर्मचारी बाईकडून पुलाच्या समर्थकांचा अपमान!' आवाज तर सगळ्या शहराच्या ओळखीचा. ती कोण, हे कुणाला शोधायलाही लागलं नाही.

झालं! मग जो काही गहजब उडाला तो विचारू नका. भाजीवाला पक्का पुलवाला, गल्लीतला पुढारीच. त्याने माझ्या हातातली भाजी काढून परत ढिगावर ठेवली. मला! मी स्वतः पुलवाली! फोनवरच्या आमच्या बायकांच्या गटातून मला काढून टाकलं. आणि दुसऱ्या बाजूचं ऐका. बोगदेवाले हार घेऊन दारात हजर. "आमची रणरागिणी कुठे आहे?" सुनेने दार उघडलं आणि म्हणाली, "पुढचा अर्धा भाग तुमच्यावर आहे, तो ऐकून मग हार घाला." ते हार घेऊन परत गेले आणि खाली उतरताना तिलाच शिव्या देत गेले. इकडे आड, तिकडे विहीर.

तुम्ही म्हणाल, पूर्ण निवेदन तर फोनवर होतंच की, बघायचं! होतं ना. ज्याच्या त्याच्या खिशात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण रागावलेल्या माणसाला पूर्ण ऐकायची हौस नसते, राग उतरेल ना! आणि कोटवाला निगरगट्ट तो निगरगट्टच. म्हणाला, "घाबरून तिने शेपूट नंतर जोडलंय." आता नंतर जोडलं नाही हे कसं दाखवणार? घरच्यांची साक्ष कोण धरतो? मी भाजीवाल्याला सांगायला गेले तर म्हणाला, "सासूने सुनेची बाजू घेतली म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे."

स्थानकाच्या साहेबांनी तिला बोलावलं. साहेब तसा वाईट माणूस नाही, पण वरून फोन आला की त्याचा कणा वितळतो. तयार माफीनामा पुढे ठेवला. "मी पुलाच्या समर्थकांचा अपमान केला, त्याबद्दल दिलगीर आहे." सही करा आणि माईकवर परत बसा, नाहीतर खोलीची किल्ली द्या. किल्ली घेतल्यावर तिथे काय बसणार हेही ठरलेलं होतं. बोलणारं यंत्र. ते कधीपासूनच आणून ठेवलं होतं, फक्त निमित्त हवं होतं.

सून म्हणाली, "साहेब, मी थट्टा दोघांची केली. एकाचीच माफी मागितली तर दुसऱ्यावर अन्याय होईल. आणि दोघांची मागायची तर मग थट्टा कशाला केली असती?" किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आली. पेला तिथेच राहिला, खोलीत कुलूपबंद.

मी तिला बोल बोल बोलले. म्हटलं, "एक सही करायला काय हात झिजला असता? उद्या तुला काढून टाकलं की हा आवाज काय मला भाजीचे भाव सांगायला वापरणार आहेस?" ती म्हणाली, "आई, सही केली तर उद्यापासून मी गाडी सांगेन आणि लोक विचार करतील की हे तरी पूर्ण आहे का." एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

त्यानंतर ती घरात बोलेनाशी झाली. आधी ही घरात जेवायला बोलावतानासुद्धा निवेदन करायची, "जेवायला येणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे." आता ताट वाढून गप्प उभी. मला त्या गप्प बसण्याचा इतका राग यायचा! आणि मग लक्षात आलं की हा राग नाही, मला रडू येतंय. सात वर्षांत तिच्या आवाजाची मलाही सवय झाली होती आणि मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

आणि ते यंत्र! त्याच्या तोंडात काही थांबायचं नावच नाही. "फलाट क्रमांक दोन गाडी रद्द धन्यवाद." फलाट आधी! लोक पळाले, सामानासकट एकमेकांवर आपटले, आणि मग कळलं की गाडीच नाही. माझा मुलगा सांगायचा, त्याच्या गाडीत रोज चार-दोन माणसं भलतीकडेच जाणारी निघायची. यंत्राला काय, ते प्रत्येकाला धन्यवाद म्हणायचं.

मग कोटवाल्याला हाव सुटली. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला तो! त्याने सुनेला फोन केला. थेट कार्यक्रम करायचा, जनतेसमोर, दोन्ही बाजूंचे लोक बोलवायचे, तिने तिथे उत्तर द्यायचं. मी म्हटलं, "अजिबात जायचं नाही. तो तुला दुसरा शब्दसुद्धा बोलू देणार नाही." ती कितीतरी दिवसांनी हसली.

तिने त्याला दोन अटी घातल्या. कार्यक्रम बस स्थानकावर, फलाट चारवर व्हावा, तिथे जागा भरपूर आहे. आणि त्याच्याकडची चित्रफीत नुसती त्याच्या कॅमेऱ्यापुरती नाही, तर स्थानकाच्या कर्ण्यांवरून सगळ्यांना ऐकवावी. कोटवाला खूश. अपमान जेवढा मोठ्याने तेवढा बरा, असं त्याला वाटलं असणार. साहेबही खूश, टीव्हीवर दिसायला मिळणार म्हणून.

निघताना सून म्हणाली, "आई, दुसरा पेला पिशवीत टाका. चमचापण." मला वाटलं तिला पाणी प्यायचं असेल. टाकला.

फलाट चारवर मधोमध दोरी बांधली होती. एका बाजूला पुलवाले, दुसऱ्या बाजूला बोगदेवाले. मी पुलवाल्यांत जाऊन उभी राहिले. का? कारण मी पुलवाली आहे, सून कोण आहे म्हणून माझं माहेर थोडंच सरकणार आहे? आजूबाजूच्या बायकांनी माझ्यापासून हातभर अंतर ठेवलं. समोर दोरीपलीकडे आमचे हे, बोगदेवाल्यांत, टोपी घालून. मुलगा आपल्या गाडीच्या पायरीवर बसलेला, ना इकडे ना तिकडे. भाजीवाला आमच्या बाजूचा म्होरक्या, घोषणा द्यायला हात वर करूनच आला होता. आणि फलाटावर नेहमीचे प्रवासी होतेच, त्यांना पूल नको, बोगदा नको, गाडी हवी होती.

दिवे लागले. कोटवाला सुनेसमोर माईक धरून गरजला, "तुम्ही पुलाच्या समर्थकांचा अपमान केलात. हो की नाही, एका शब्दात सांगा!"

मी पेल्याची पिशवी छातीशी धरली.

ती शांतपणे म्हणाली, "आधी ऐकवा."

"प्रश्नाला बगल देताय!"

"अटच होती तशी. ऐकवा, मग एका शब्दात सांगते."

त्याने हात केला आणि सगळ्या कर्ण्यांतून आवाज घुमला. टिंग-टाँग. कितीतरी दिवसांनी तो आवाज, त्या छताखाली! "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." आणि खरंच सांगते, सगळ्यांनी दिलं. दोरीच्या दोन्हीकडची कुजबुज थांबली, माना वर गेल्या. "पुलावरून जाणारी गाडी पूल झाल्यावर सुटेल. पूल कधी होईल याची चौकशी चौकशी खिडकीत करू नये."

आणि बंद.

आता घोषणा सुरू होणार म्हणून कोटवाल्याने कॅमेरा आमच्याकडे वळवला. पण कुणी घोषणा देईना. कुणी हलेना. भाजीवाल्याचा हात वर तो वरच. सगळे माना वर करून कर्ण्याकडे बघत उभे, पुलवालेही, बोगदेवालेही, पिशव्या घेतलेले प्रवासीही.

"बघा!" कोटवाला कॅमेऱ्याला म्हणाला. "अपमानाने लोक सुन्न झाले आहेत!"

तेवढ्यात बाकावर गाठोडं घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अहो, फलाट कुठला?"

"कसला फलाट?" कोटवाला म्हणाला.

"आता हे काय! फलाट सांगितला नाही अजून. पेला कुठे वाजलाय?"

तिच्या मागून दुसरं कुणीतरी म्हणालं, "हो की, पेला वाजला नाही." मग बोगदेवाल्यांतून एक, मग आमच्यातून दोघी, मग सगळीकडून, "पेला वाजला नाही! पुढचं लावा! पुढचं लावा!"

"पुढे काही नाहीये!" कोटवाला ओरडला. "एवढंच आहे! बाकीचं शेपूट तिने नंतर जोडलंय!"

आणि मग आमचा भाजीवाला, ज्याने माझ्या हातातली भाजी परत ढिगावर ठेवली होती तो, हात खाली घेऊन पुढे आला. "अहो, एवढंच कसं असेल? सात वर्षं ऐकतोय मी. ही बाई टण्ण केल्याशिवाय थांबतच नाही. माझी आई गेली त्या दिवशी मी इथे गाडीची वाट बघत होतो, तेव्हाही नाही थांबली आणि यात्रेएवढी गर्दी होती तेव्हाही नाही थांबली. तुम्ही दाखवताय तेच अर्धं आहे."

कोटवाला काहीतरी बोलायला गेला. एवढ्यात दोरीपलीकडून आमच्या ह्यांचा आवाज आला. एरवी घरात रिमोटशिवाय काही न मागणारा हा माणूस! दोरीला पोट लावून उभे राहिले आणि कडाडले, "तुम्ही कापलंत! हो की नाही? एका शब्दात सांगा!"

मग एकच हलकल्लोळ. "हो की नाही! एका शब्दात सांगा!" पुलवाले ओरडताहेत, बोगदेवाले ओरडताहेत, म्हातारी गाठोड्यावर थापा मारतेय. दहा वर्षांत या दोन बाजूंनी एक घोषणा मिळून कधी दिली नव्हती. मी घसा फुटेपर्यंत ओरडत होते, आणि शेजारच्या बाईने माझा दंड धरला होता, तीच हातभर लांब उभी राहिलेली.

"संपादन करताना वेळेची मर्यादा..."

"एका शब्दात!"

"म्हणजे तांत्रिक कारणाने..."

"एका शब्दात!"

कोट घामाने पाठीला चिकटला होता. थेट कार्यक्रम, बंद करणार कुठे? त्याने माईक खाली केला आणि म्हणाला, "हो."

काय तो आवाज उठला म्हणून सांगू! सुनेने त्याच्या हातातला माईक अलगद काढून घेतला आणि माझ्याकडे बघून हात पुढे केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोरीखालून वाकून गेले, या वयात, कंबर कटकन वाजली तरी. पिशवीतून पेला काढला, चमचा काढला, तिच्या हातात दिला. माझ्या आईचा पेला. तिने तो समोर धरला आणि जिथे कापलं होतं तिथून पुढे बोलायला लागली, जसं मध्ये काही घडलंच नाही.

"बोगद्यातून जाणारी गाडी बोगदा झाल्यावर सुटेल. बोगदा कुठवर आला हे पाहण्यासाठी डोंगराला कान लावू नयेत. दोन्ही गाड्यांच्या प्रवाशांनी तोपर्यंत एकमेकांशी भांडत फलाट क्रमांक चारवर थांबावे."

लोकांनी आपापल्या पायांखाली बघितलं. मग खांबावरचा आकडा बघितला. मग दोरी बघितली, आणि दोरीपलीकडचे लोक.

टण्ण!

असं हसू मी आयुष्यात ऐकलेलं नाही. भाजीवाला खाली बसला हसता हसता. आमचे हे टोपीने डोळे पुसत होते. दोरी कुणी सोडली माहीत नाही, पण थोड्या वेळाने ती कुणाच्यातरी गाठोड्याला बांधलेली दिसली. कोटवाल्याचा माणूस तारा गुंडाळायला लागला, तर त्याच्या वाटेत उभी माणसं हसतच बाजूला व्हायची. साहेब घाईघाईने पुढे आले, अजून कॅमेरा चालू आहे असं त्यांना वाटत होतं. खिशातून किल्ली काढली आणि मोठ्याने म्हणाले की स्थानकाला आपल्या निवेदकाचा अभिमान आहे. सुनेने किल्ली घेतली. "आणि ते यंत्र, साहेब?" साहेब म्हणाले, "ते चौकशी खिडकीत ठेवू. धन्यवाद म्हणायला तिथे कुणी नाहीच आहे."

तुम्हाला वाटेल आता पुलवाले आणि बोगदेवाले गळ्यात गळे घालून फिरतात. छे! आम्ही अजून भांडतो. पूल व्हायलाच हवा, माझं छप्पर तिकडे दिसतंय. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर आता तो पेला असतो. ज्याचं बोलून झालं त्याने पेला वाजवायचा, तोवर समोरच्याने तोंड उघडायचं नाही. आमचे हे मुद्दाम पेला वाजवायला उशीर करतात, लबाड. पण खरं सांगू? लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचं बोगद्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. मला ते अजिबात पटलं नाही.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर गेली. मी घरातली कामं आवरली, पिशवी घेतली आणि तिच्या मागोमाग स्थानकावर जाऊन बाकावर बसले. वर काचेच्या खोलीत ती दिसत होती. तिने पंखा बंद केला. टिंग-टाँग.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पलीकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी आज उशिराने सुटेल." माझ्या लेकाची गाडी! तो खाली पायरीवर उभा राहून वर बघत होता. मग ती एक क्षण थांबली आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिने कारण सांगितलं. "कारण पूल नाही, आणि बोगदाही नाही."

स्थानकभर हसू पसरलं, पण जागचं कुणी उठलं नाही. पिशव्या हातात, माना वर, सगळे तसेच. फलाट अजून यायचा होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसतही नव्हते. मला कुठंच जायचं नव्हतं, माझी कुठलीच गाडी नव्हती. तरी पेला वाजेपर्यंत मी हलले नाही.